पान कोणाचे, अन् काढावे कोणते?



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांच्या स्मृतीपुढे मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाविषयी बोलावे, हे धाडसच. परंतु निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी मी शब्दकोशाची टिपणे एका जुन्या संगणकावर लिहीत होतो. एका दुपारी लेखनाची खिडकी एकाएकी नाहीशी झाली आणि तिच्यासवे जतन न केलेल्या चाळीस नोंदीही गेल्या. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, मेमरी संपली. कर्नेलने तुमचा प्रोग्रॅम मारला.’’ मेमरी संपली म्हणजे काय झाले, आणि मारायला माझाच प्रोग्रॅम का सापडला?

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लष्करातल्या कर्नलशी त्याचे नाते नाही, अधिकार मात्र तसाच. माझ्या संगणकावरचा कर्नेल लिनक्सचा, म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये आरंभिलेला. तो स्मृतीची वाटणी पानांनी करतो; एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे. पानांची ही कल्पना मात्र त्याहून जुनी. मँचेस्टरच्या ॲटलास संगणकात १९६२ साली जलद स्मृती थोडी आणि फिरत्या ड्रमवरची संथ स्मृती पुष्कळ होती. नव्या पानाला जागा करण्यासाठी जुने कोणते ड्रमवर धाडावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. १९६६ साली बेलाडी यांनी त्याचे आदर्श उत्तर मांडले : ज्या पानाची गरज सर्वांत उशिरा लागणार, ते काढावे. उत्तर निर्दोष आहे. फक्त त्यासाठी भविष्य कळावे लागते!

भविष्य कळत नाही म्हणून कर्नेल भूतकाळाकडे पाहतो. पानाला स्पर्श झाला की प्रोसेसर त्यावर खूण करतो. कर्नेल अधूनमधून खुणा पाहून पुसतो. ज्यांवर पुन्हा खूण उमटत नाही, ती पाने सक्रिय यादीतून निष्क्रिय यादीत उतरतात आणि तेथून त्यांची जागा परत घेतली जाते.

पण सर्व पाने सारखी नसतात. डिस्कवरील फाइलचे न बदललेले पान खुशाल टाकून द्यावे. मूळ प्रत जागेवर आहेच. बदललेले असेल तर आधी डिस्कवर उतरवावे लागते. तिसरा प्रकार नाजूक. प्रोग्रॅमने चालता चालता रचलेल्या मजकुराची मूळ प्रत कोठेच नसते. त्यासाठी डिस्कवर ‘स्वॅप’ नावाची जागा राखून ठेवलेली असावी लागते. ती नसेल तर असे पान हलवताच येत नाही. माझ्या संगणकावर ती नव्हती, आणि माझ्या चाळीस नोंदी याच तिसऱ्या प्रकारच्या होत्या.

जागा फारच अपुरी पडली की आणखी एक अनर्थ होतो. आत्ताच बाहेर काढलेले पान लगेच परत हवे असते. ते आणायचे तर दुसरे काढावे लागते, आणि तेही क्षणात हवे असते. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली त्याचे कारण उकलले : प्रत्येक प्रोग्रॅमचा त्या त्या वेळचा एक कार्यसंच असतो, तेवढी पाने मिळाली नाहीत तर यंत्र कष्टते फार आणि काम काहीच होत नाही.

म्हणून मर्यादा घालायच्या, पण कोणत्या? गूगलच्या अभियंत्यांनी २००६ साली आरंभलेली प्रोग्रॅमांचे गट पाडण्याची सोय जानेवारी २००८ मध्ये लिनक्समध्ये आली. त्याच वर्षी गटवार स्मृतिमर्यादाही आली. नंतरच्या, २०१६ पासूनच्या सुधारित रचनेत मर्यादांचे स्वभाव निरनिराळे आहेत. ‘मॅक्स’ ही भिंत. तेथे पोचल्यावर जागा परत मिळवण्याचा प्रयत्न फसला, तर गटातला प्रोग्रॅम मारला जातो. ‘हाय’ ओलांडल्यास कोणी मरत नाही. गटाची पाने परत घेतली जातात आणि त्याची गती मुद्दाम मंदावली जाते. उलट ‘लो’ आणि ‘मिन’ ही संरक्षणे : पहिल्याच्या आतली पाने शक्यतो घेऊ नयेत, दुसऱ्याच्या आतली मुळीच नाही. मला स्वतःला ‘हाय’ अधिक शहाणी वाटते. चूक सुधारायला ती अवधी देते. हिशेबात एक गंमतीदार अन्याय मात्र उरतोच. दोन गट एकच फाइल वाचत असले, तरी पान मोजले जाते ते प्रथम स्पर्श करणाऱ्याच्या नावावर. दुसरा फुकट वाचतो.

माझ्या संगणकावर यातले काहीच नेमलेले नव्हते. अशा वेळी कर्नेल मुख्यतः कोण किती स्मृती व्यापून बसला आहे ते पाहून बळी निवडतो. (प्रत्येकाच्या गुणांकात उणे १००० ते अधिक १००० इतका फेरफार करता येतो, उणे १००० असलेल्याला अभय.) ब्राउझर अनेक लहान प्रोग्रॅमांत विभागलेला होता. माझ्या टिपणांत मात्र जुन्या पोथ्यांची छायाचित्रे ठासून भरलेली. सर्वांत मोठा एकटा प्रोग्रॅम माझाच निघाला. कोण काय लिहीत होते, हे कर्नेलला दिसत नाही.

नातवाने आता स्वॅपची जागा राखली आहे, ब्राउझरच्या गटाला ‘हाय’ आणि माझ्या लेखनाला ‘मिन’ नेमून दिले आहे. चाळीसपैकी एकतीस नोंदी मी पुन्हा लिहिल्या. उरलेल्या नऊ शब्द कोणते होते, ते अजून आठवत नाही.