मामा कुणाचा कोण?

'मामा' म्हणजे कोण? आईचा भाऊ, असे तुम्ही चटकन सांगाल. पण हा शब्द घेऊन जगभर हिंडलात, तर पंचाईत होईल! पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत 'मामा' म्हणजे आई. चिनी भाषेतही आईच. उलट जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील, आणि आई ती 'देदा'. मध्य ऑस्ट्रेलियातील पिचंचारा या आदिवासी भाषेतही 'मामा' म्हणजे वडीलच.

या पाचही भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या. मग शब्द सारखा कसा?

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात याचे उत्तर तान्ह्या बाळाच्या तोंडात शोधले. 'म' म्हणायला जीभ वळवावी लागत नाही. ओठ मिटले, की आवाज नाकावाटे येतो. ओठ उघडताच 'आ' उमटतो. दूध पिताना तर बाळाचे तोंड बंदच असते; तेव्हा नाकातूनच हुंकार निघतो. बाळ नुसते 'मामा' करते. अर्थ लावतात ती मोठी माणसे! कुणी तो आईला लावला, कुणी वडिलांना, आपण आईच्या भावाला.

म्हणून केवळ उच्चार जुळला, की भाषांचे नाते जुळले असे मानू नका. प्रयोगात एकाच वाचनावरून आपण निष्कर्ष काढतो का? नात्याला नियम लागतो. संस्कृत आणि इंग्रजी शब्दांच्या या जोड्या पाहा: पितृ–फादर, पाद–फूट, पूर्ण–फुल. आरंभीच्या 'प'समोर दर वेळी 'फ' येतो. हे खरे नाते!

आता 'पंच' आणि 'फाइव्ह' ही जोडी तुम्हीच तपासा.