पन्नास प्रती, पाच वर्षे आणि एक टंकलेखक

आपल्या समाजात लिहिणारी माणसे कमी नाहीत. आमच्या पाचोऱ्यातच पाहा. रेल्वेतून निवृत्त झालेले कोणी आठवणी लिहीत आहेत, कोणी आपल्या गावात १९५६ नंतर काय काय घडले त्याची वही भरीत आहेत, कोणा गुरुजींना तालुक्यातील चळवळीचा इतिहास लिहायला बसून दहा वर्षे झाली. विचारले म्हणजे उत्तर एकच, "चालू आहे!" पहिले प्रकरण चार वेळा लिहून झालेले असते आणि दुसऱ्याला अजून हात लागलेला नसतो.

आम्ही दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करणारे. तिथे आधी कच्ची टिप्पणी तयार होते, ती साहेबांकडे जाते, तांबड्या शाईने भरून परत येते, मग पक्की होते. कच्च्या टिप्पणीची कोणाला लाज वाटत नाही. पण तोच माणूस रात्री घरी पुस्तक लिहायला बसला की त्याला पहिलीच ओळ पक्की हवी असते. ती होत नाही आणि वही ट्रंकेत जाते. म्हणून वाचकहो, आपल्या घराघरांत असलेल्या एका ग्रंथाचा पहिला खर्डा कसा पुरा झाला, ते सांगावेसे वाटते. तो ग्रंथ म्हणजे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'.

१९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील लेख आला. बौद्ध वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणसाच्या हाती देता येईल असा एक ग्रंथ नाही, ही अडचण त्यांनी त्यात मांडली होती. तेव्हा लोकांनी त्यांनाच गळ घातली की असा ग्रंथ तुम्हीच लिहा. त्याचे पहिले रूप १९५१ साली तयार झाले. त्याचे नाव वेगळे होते, 'द बुद्ध अँड हिज गॉस्पेल'. त्याच्या फक्त पन्नास प्रती छापून त्या खाजगीरीत्या वाटण्यात आल्या.

आमच्या मते या पन्नास प्रतींतच सारे मर्म आहे. ज्यांच्या विद्वत्तेपुढे विलायतेतील पंडित दबत, त्यांनी अपुरे काम दुसऱ्याच्या हाती दिले. पुरे झाल्याशिवाय दाखवणार नाही, असा हट्ट धरला नाही. आमचे गुरुजी मात्र वही घरच्यांनासुद्धा दाखवीत नाहीत!

पुढची वर्षे सोपी नव्हती. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मधुमेह होता, पाय दुखत, दृष्टी मंदावत चाललेली. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा त्यांनी सांगितले की सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत आपण ग्रंथ लिहीत आहोत, त्याला वर्षभर लागेल आणि तो पुरा झाल्यावर धम्म स्वीकारू. म्हणजे नागपूरच्या दीक्षेआधी हा खर्डा हातावेगळा व्हायचा होता. काम वर्षावर गेले. फेब्रुवारी १९५६ मध्येसुद्धा दोन नवी प्रकरणे त्यात पडली, एक ईश्वर नाही याविषयी, दुसरे आत्मा नाही याविषयी. १५ मार्च १९५६ रोजी त्यांनी प्रस्तावना लिहिली. तिच्यात या ग्रंथाला स्वतंत्र म्हणण्याचा मोठेपणा ते घेत नाहीत. ठिकठिकाणाहून घेऊन केलेली ही जुळणी आहे, असे ते मोकळेपणी सांगतात आणि अश्वघोषाचे ऋण आवर्जून मान्य करतात.

आता त्या माणसाविषयी, ज्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. नानकचंद रत्तू हे पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याचे, दिल्लीत सरकारी नोकर. दिवसभर आपल्या कचेरीत काम करायचे आणि तिथून सुटले की २६, अलीपूर रोडवर बाबासाहेबांच्या घरी यायचे. बाबासाहेब लिहीत आणि रत्तू ते यंत्रावर टंकलिखित करीत. त्यावर पुन्हा दुरुस्त्या होत, पान पुन्हा यंत्रावर चढे. ज्याने टाइपरायटरवर काम केले आहे त्यालाच कळेल की एका पानात चार ओळी वाढल्या म्हणजे काय होते. सबंध पान नव्याने. संगणकावर मधे ओळ घालणाऱ्या आजच्या मुलांना त्याची कल्पना यायची नाही. आठ तास नोकरी करून रात्री दुसऱ्याचे लिखाण नीट करणारा हा माणूस आम्हा कारकुनांना फार जवळचा वाटतो.

छपाईला पैसा नव्हता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये, बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त सरकारने ५०० प्रती घ्याव्यात, अशी विनंती केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले की त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. देशाला राज्यघटना देणाऱ्याला ५०० प्रतींसाठी अर्ज करावा लागला, आणि तोही नाकारला गेला!

५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी घरी निघालेल्या रत्तूंना परत बोलावले आणि प्रस्तावनेची टंकलिखित पाने टेबलावर ठेवायला सांगितली. सहा तारखेला काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे बाहेर पडला, पण ती प्रस्तावना त्यात नव्हती.

असे असूनही हा ग्रंथ आपल्या हाती आला, कारण त्याचा खर्डा पुरा झाला होता. त्याच टेबलावरील इतर लिखाणाचे तसे झाले नाही. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' राहिले, 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' राहिले, 'रिडल्स' राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली खंड काढायला घेतले, तेव्हा हे सुटे कागद लावावे लागले. एकाच प्रकरणाच्या दोन-तीन प्रती, काही पाने गहाळ, काही प्रकरणांचे नुसते नाव. तिसरा आणि चौथा खंड १९८७ साली निघाले. म्हणजे मधे तीस वर्षे गेली.

खर्डा परत येण्याचा अनुभवही बाबासाहेबांना होता. बी.कॉम.ला आम्ही चलनाचा अभ्यास केला, पण 'रुपयाचा प्रश्न' या त्यांच्या लंडनच्या प्रबंधाची हकिगत कोणी सांगितली नाही. १९२२ साली दिलेला तो प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. त्यांनी लिहिला, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत. १९२३ साली तो मान्य झाला आणि त्याच वर्षी छापूनही आला.

तर आमच्या लिहिणाऱ्या बंधुभगिनींना एवढेच सुचवायचे आहे. पहिले प्रकरण पाचव्यांदा लिहू नका, दुसऱ्याला लागा. आठवत नाही तिथे जागा कोरी सोडा, पण पुढे चला. आजी अहिराणीत सांगत असेल तर अहिराणीतच उतरवून घ्या. तिची वाक्ये पुस्तकी मराठीत नेली की निम्मा जीव जातो. नाव, गाव, साल लगेच लिहा, कारण सांगणारे हात आता थोडेच उरले आहेत. आणि शेवटचे पान झाले की पन्नास नको, पाच झेरॉक्स काढा. एक लिहिता-वाचता तरुण, एक गावातील जाणते माणूस, एक घरातली बाई, अशांच्या हाती द्या आणि समासात पेन्सिलीने लिहा म्हणून सांगा. घरातल्या बाईला गाळू नका. कोणत्या साली विहीर खुली झाली आणि पहिला घडा कोणी भरला, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.

टंकलेखनाला पैसे नसतील तर वस्तीतील कॉलेजात जाणारी मुले आहेत. रोज रात्री दोन पाने म्हटली तरी दोनशे पानांची वही शंभर रात्रींत संगणकात येते.