पागोळीचे पाणी प्यायचे कसे?

इयत्ता ४ थी

पाऊस लागला की आमच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी चहासारखे लाल होते. वीज गेली की नळही येत नाही. मग आम्ही पागोळीचे पाणी धरतो. मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला जुलाब झाले. दोन दिवस सलाईन लावले होते. तेव्हापासून आई पाण्याच्या बाबतीत फार कडक झाली आहे.

आजी म्हणते, "आभाळातलं पाणी ते, त्याला काय झालंय?" आजीचे अर्धे बरोबर आहे. आभाळातून पडताना पाणी बरेच स्वच्छ असते. पण हंड्यात येण्याआधी ते आमच्या कौलांवरून येते. कौलांवर शेवाळ असते, पाला कुजतो, कावळे घाण करतात. रात्री उंदीर पळतात ते तर ऐकूच येते. हे सगळे पागोळीतून खाली येते.

म्हणून पहिल्या चार-पाच सरींचे पाणी आम्ही पिण्यासाठी धरत नाही. ते गुरांचा गोठा धुवायला वापरतो. मध्येच दोन-तीन दिवस उघडीप पडली, तर पुन्हा पहिली १०-१५ मिनिटे पन्हळ बाजूला फिरवून ठेवतो. आमची पन्हळ पोफळीची आहे. पत्र्याला डांबर फासले असेल तर ते पाणी पिऊच नये. डांबर उकळून जात नाही.

पाणी वाया गेले म्हणून वाईट वाटायला नको. बाईंनी आम्हाला गणित घातले होते. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. आमच्या पडवीचे छप्पर ५ मीटर लांब व २ मीटर रुंद आहे. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर किती? ५०० लिटर! थोडे उडते, सांडते, तरी पिंप भरून वाहते.

धरलेले पाणी जुन्या सुती लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळायचे. बांगलादेशात असे गाळले तेव्हा कॉलऱ्याचे रोगी जवळजवळ निम्मे झाले, हे २००३ साली छापून आले होते. तरी पाणी गढूळ दिसले तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायचा. गाळ खाली बसला की वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतायचे.

आता ते काचेसारखे दिसते. पण अजून प्यायचे नाही! तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. ते डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यासाठी पाणी उकळायलाच हवे. पावसात लाकडे ओली असतात, चूल फुंकून आईचे डोळे लाल होतात. शेजारच्या काकू म्हणतात, वीस मिनिटं उकळायला पायजे. बाईंनी सांगितले, खळखळून मोठे बुडबुडे आले की पुढे १ मिनिट पुरे. त्यामुळे आमची लाकडे वाचली.

उकळणे जमत नसेल तर क्लोरीनची गोळी टाकावी. पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात टाकावी व अर्धा तास थांबावे. पाणी आधी निवळलेले हवे, नाहीतर क्लोरीन गाळातच संपतो. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर घरच्या हंड्यात अंदाजाने टाकू नये.

उकळलेले पाणी झाकून गार करायचे. आमच्याकडे माठात लांब दांड्याचे ओगराळे आहे. हात बुडवला की आई पाणी ओतून देते आणि सगळे परत करावे लागते. बाहेरच्या पिंपाला आम्ही फडके बांधतो आणि ते आठवड्याला घासतो, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ पाण्यातही अंडी घालतात.

उकळलेले पाणी बेचव लागते, अशी आजीची तक्रार असते. त्यावर उपाय आहे. धुतलेल्या दोन तांब्यांत ते चार वेळा उंचावरून खालीवर करायचे. त्यात हवा मिसळते आणि चव परत येते. हे काम माझ्याकडे आहे.