शरीराचे संकेत आणि मनाची साक्ष

पाली वाङ्मयातील ‘वेदना’ हा शब्द आजच्या मराठीप्रमाणे केवळ दुःखाचा वाचक नाही. सुख, दुःख आणि अदुःखमसुख अशा तिन्ही अनुभूतींना तो लागू पडतो. शिवाय कायिक आणि चेतसिक असाही तिचा भेद केलेला आहे. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात एक बाण शरीराला लागतो व अज्ञ मनुष्य शोकाने दुसरा बाण स्वतःच्या मनाला लावून घेतो, असा दृष्टान्त येतो. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे शरीरावरून ताण मोजणाऱ्या आधुनिक संशोधनाचे बळ आणि मर्यादा दोन्ही उमगतात.

मनुष्य क्षुब्ध झाला की स्वेच्छेबाहेरील मज्जासंस्था जागी होते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासाची लय बदलते, तळहातावरील घर्मग्रंथी पाझरू लागतात. घाम क्षारयुक्त असल्याने त्वचेतून सूक्ष्म विद्युत्प्रवाह अधिक सुलभतेने वाहतो, आणि ही वाढ यंत्राने मोजता येते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील प्रा. रोझालिंड पिकार्ड यांनी १९९७ साली ‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ हा ग्रंथ लिहून या अभ्यासाला स्वतंत्र शाखेचे रूप दिले. पुढे २००५ मध्ये जेनिफर हीली यांच्यासमवेत त्यांनी मोटारचालकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. बोस्टन परिसरात किमान पन्नास मिनिटांच्या २४ फेऱ्यांत हृदय, स्नायू, श्वसन व त्वचा यांचे संकेत नोंदविण्यात आले. विश्रांती, महामार्ग आणि शहरातील रस्ता या तीन ताणपातळ्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदींवरून ९७ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता आल्या. त्वचेची विद्युत्वाहकता आणि हृदयगती यांचा ताणाशी सर्वांत निकटचा संबंध आढळला.

ही अचूकता नेमकी कशाची, हे मात्र पाहिले पाहिजे. कोणती फेरी किती ताणाची, हे मुख्यतः रस्त्यावरून आधी ठरले होते. प्रश्नावली आणि चित्रफितींनी त्याला पुष्टी दिली होती. संदर्भ ठाऊक होता, म्हणून संकेताला अर्थ आला. बुवापाड्याहून अंबरनाथ स्थानकाकडे धावत जाऊन लोकल गाठणाऱ्या कामगाराची नाडीही जलद असते आणि तळहातही ओले असतात. ते श्रमाने, नोकरी जाण्याच्या भीतीने, की गाडी मिळाल्याच्या आनंदाने, हे केवळ त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. उत्तेजना किती, हे यंत्र सांगते. ती सुखद की दुःखद, हे त्याला क्वचितच नीट कळते. आपल्या परंपरेने केलेला पहिलाच भेद येथे निसटतो.

प्रयोगशाळेत ही उणीव सोसता येते, पोलीस कोठडीत ती सोसवत नाही. पॉलिग्राफ यंत्र रक्तदाब, श्वास आणि त्वचेची वाहकता हेच नोंदविते आणि त्यावरून खोटेपणाचा तर्क केला जातो. खोटे बोलण्याची अशी स्वतंत्र शारीरिक खूण सिद्ध झालेली नाही. पोलीस ठाण्याची पायरी चढतानाच ज्याच्या छातीत धडधड होते, त्या वस्तीतल्या निरपराध माणसाला या तर्काचा धोका सर्वाधिक आहे, हे सांगण्यास यंत्र लागत नाही. महाराष्ट्रात गोष्ट याहून पुढे गेली होती. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषनिश्चिती करताना मेंदूतील विद्युत्लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्याला विद्युदग्रे लावून आरोपीला वाक्ये ऐकविली जातात आणि लहरींवरून ती घटना त्याने अनुभवली होती की नाही हे समजते, असा त्या चाचणीचा दावा होता.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निर्णयात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरी चाचण्या सक्तीने घेण्यास मनाई केली. आधार होता संविधानाच्या अनुच्छेद २० (३) चा: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या हातून आलेले हे कलम आहे. शरीराला जबरीने बोलावयास लावणे हीदेखील सक्तीची साक्षच होय, असे न्यायालयाने मानले. आरोपी स्वतः राजी असेल तरच चाचणी घेता येते. त्याला वकील उपलब्ध करून द्यावा लागतो, संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते, आणि संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष स्वयमेव पुरावा ठरत नाही. पोलिसांनी चाचणीसाठी बोलाविल्यास नकार देण्याचा अधिकार आहे, आणि तो नकार गुन्ह्याची कबुली नव्हे.