धरणातून येणारी मेजवानी
अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात ट्राउट हा थंड पाण्यातला मासा मुळात नव्हताच. १९५१ मध्ये व्हाइट नदीवर बुल शोल्स धरण पूर्ण झालं आणि नदीचा स्वभाव पालटला. खोल जलाशयात उन्हाळ्यात कोमट पाणी वर राहतं, गार आणि जड पाणी तळाशी. वीजनिर्मितीसाठी हे तळचंच पाणी सोडतात. त्यामुळे भर जुलैतही खालची नदी थंडगार! मूळचे उबदार पाण्यातले मासे तिथे टिकेनात, मग ट्राउट सोडले गेले.

खरी गंमत हिवाळ्यात. जलाशयातल्या थ्रेडफिन शॅड या छोट्या चंदेरी माशाला गारठा सोसत नाही. पाणी ५-६ अंश सेल्सिअसला उतरलं की झुंडीच्या झुंडी गलितगात्र होतात आणि टर्बाइनमधून नदीत येऊन पडतात. दांडग्या ब्राउन ट्राउटना आयतं ताट! अशा वेळी फ्लाय फिशिंगवाले पिसं-दोऱ्याची पांढरी ‘फ्लाय’ मेलेल्या शॅडसारखी प्रवाहात नुसती वाहू देतात. हात आवरणं, कसब काय ते एवढंच.

व्हाइटच्याच उपनदीत, लिटल रेडमध्ये, ग्रीअर्स फेरी धरणाखाली १९९२ मध्ये १८ किलोंहून जड ब्राउन ट्राउट सापडला. फ्लायवर नव्हे बरं का, छोट्याशा जिगवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर! मात्र टर्बाइन सुरू होताच पाणी झपाट्याने चढतं. धरणाचा भोंगा वाजला की मासा सोडून काठ गाठावा.