हातांची भाषा, वाचेची भाषा

१८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने, जिच्यात बधिर प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच, बधिर मुलांना केवळ वाचेनेच शिकवावे असा ठराव मंजूर केला, आणि त्या फर्मानाने युरोपातील बहुतेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. तो ठराव फेटाळला जाण्यास २०१० साल उजाडावे लागले. स्वीडनने मात्र १९८१ मध्येच सांकेतिक भाषेस मान्यता दिली. हात हलले की जीभ आळसावते, ही पालकांची धास्ती निराधार होय. मुलाची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबून, दुधाची खूण करून, मग पेला दाखवीत तोच शब्द स्पष्ट उच्चारणारी आई त्यास भाषाच देत असते, आणि श्रवणयंत्र मिळेपर्यंत बालकाचा मेंदू काही तिष्ठत राहत नाही. निदान होताच पालकांनी दोन्ही भाषांचा आरंभ करावा.