नांव उसनें कीं स्वतःचें?

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर, भिवंडी तालुक्यांत, वडपे हें गांव लागतें. आसपास गोदामांची दाटी आहे. आणि नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग जवळच आमणे येथें येऊन संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. अशा ठिकाणीं खाद्यपदार्थांचें दुकान घालावें, असें एखाद्या कुटुंबाच्या मनांत आलें तर नवल नाहीं. मात्र त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो: नांवाजलेल्या साखळीची फ्रँचाइझी घ्यावी, कीं स्वतःच्या नांवाची पाटी लावावी?

फ्रँचाइझी म्हणजे दुसऱ्याचें नांव व त्याची कार्यपद्धति ठराविक मुदतीपर्यंत वापरण्याचा विकत घेतलेला हक्क. त्यासाठीं आरंभीं एकरकमी शुल्क द्यावें लागतें, पुढें बहुधा विक्रीवर स्वामित्वधन; आणि पुष्कळदां मालहि मूळ मालकाकडूनच घ्यावा लागतो. वडापावाचेंच उदाहरण पाहावें. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो प्रथम विकला गेला, असें सांगतात. त्यानंतर असंख्य विक्रेत्यांनीं आपापल्या हातच्या चवीवर त्यांत जम बसविला. पुढें २००१ सालीं मालाड येथें ‘जंबोकिंग’ आणि २००४ सालीं कल्याण येथें ‘गोली’ यांचा आरंभ झाला, व फ्रँचाइझीच्या मार्गानें तोच पदार्थ ठिकठिकाणीं एकाच पाटीखालीं मिळूं लागला. गाडीवाला स्वतःची चव विकतो. फ्रँचाइझीवाला दुसऱ्याच्या चवीची हमी विकतो.

भिवंडीकरांस हा भेद परका नाहीं. येथें कोणी स्वतःच्या सुतानें कापड विणतो, तर कोणी व्यापाऱ्याचें सूत घेऊन मजुरीवर माग चालवितो. परंतु साम्य येथेंच संपतें. मजुरीच्या कापडाचा भाव उतरला, तर मालाचा तोटा सूत देणाऱ्याचा असतो. फ्रँचाइझींत रीत दुसऱ्याची, पण भांडवल आणि तोटा मात्र घेणाऱ्याचा.

हें आंकड्यांनीं स्पष्ट होईल. समजा, दुकानाची मासिक विक्री ३ लक्ष रुपये आहे. तींतील ५५ टक्के, म्हणजे १ लक्ष ६५ हजार, मालास गेले. भाडें, पगार व वीज यांस १ लक्ष गेले. मागें ३५ हजार उरतात. आतां विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन द्यावयाचें असेल, तर १८ हजार त्यांत जातात व हातीं १७ हजारच राहतात. विक्री २ लक्षांवर आली, तर दुकानास मुळांतच १० हजारांची खोट येते. तरीहि स्वामित्वधनाचे १२ हजार द्यावेच लागतात, कारण तें नफ्यावर नसून विक्रीवर असतें. उलट, पूर्वींचेच ३५ हजार हातीं राहण्यास विक्री सुमारें ३ लक्ष ४६ हजार व्हावयास हवी. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, ती पाटी दरमहा ४६ हजारांचें अधिक गिऱ्हाईक आणील काय?

याचें उत्तर गिऱ्हाइकावर अवलंबून आहे. महामार्गावरून एकदांच जाणारा प्रवासी दुकानदारास ओळखत नाहीं; तो ओळखीचें नांव पाहून गाडी थांबवितो. तेथें उसन्या नांवास मोल आहे. परंतु गोदामांतील हमाल, मोटारचालक आणि कारकून रोज येणारे. ते आठ दिवसांत चव, भाव व वागणूक पारखून घेतात. त्यांच्यापुढें पाटीचा प्रभाव फार टिकत नाहीं. म्हणून पैसे गुंतविण्यापूर्वीं त्या जागीं दोन-चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, उभें राहून कोण थांबतो हें मोजावें. नवा उड्डाणपूल वा दुभाजक झाल्यास वाहनें दुकानाशीं वळूं शकतील काय, हेंहि पाहावें. रस्ता बदलला तर दोन्ही पाट्या सारख्याच निरुपयोगी.

दुसरी दक्षता कराराची. अमेरिकेंत फ्रँचाइझी देणाऱ्यानें सहीपूर्वीं निदान १४ दिवस आपली माहिती लेखी द्यावी, असा नियम आहे. भारतांत फ्रँचाइझीसाठीं स्वतंत्र कायदा नाहीं. मुख्यतः १८७२ च्या करार अधिनियमावर व १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमावर भागवावें लागतें. म्हणून घेणाऱ्यानेंच विचारावें: बंद पडलेलीं दुकानें किती? शेजारीं दुसरें दुकान न देण्याची हमी आहे काय? मुदत संपल्यावर नूतनीकरण कोणाच्या मर्जीवर? चालू दुकानदारांस भेटून हीं उत्तरें पडताळावींत.

अननुभवी माणसास उसनें नांव शिक्षकासारखें उपयोगी पडतें, आणि त्या शिकवणीचें मोल देण्यांत कमीपणा नाहीं. ज्याच्या हातीं आधींच कसब व गिऱ्हाईक आहे, त्यानें तें मोल दरमहा कां द्यावें? दहा वर्षांनीं करार संपेल तेव्हां पाटी खालीं उतरेल व मिळविलेला लौकिक तिच्याबरोबर जाईल. स्वतःची पाटी सावकाश उजळते. पण ती मुलांच्या हातीं देतां येते.